जवळची जनावरे, लांबची जनावरे

अलास्कात सात ते सोळा वर्षांच्या मुलाला शिक्षण देणे सक्तीचे आहे. शाळेत पाठवणे सक्तीचे नाही. १९९७ सालापासून तिथल्या कायद्यात एक सरळ सूट आहे: आईवडील किंवा पालक मुलाला घरीच शिकवत असतील, तर शाळेचे बंधन लागू होत नाही. त्यासाठी ना अर्ज करावा लागतो, ना अभ्यासक्रम मंजूर करून घ्यावा लागतो, ना परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेतल्या फार थोड्या राज्यांत घरशाळेला इतकी मोकळीक आहे. दुसरी वाट अर्धी सरकारी आहे, आणि बरीच कुटुंबे तिनेच जातात. मुलाचे नाव एखाद्या सरकारी शिक्षण-जिल्ह्याच्या पटावर घालायचे, शिकवायचे मात्र घरी. जिल्ह्याचा एक प्रशिक्षित शिक्षक मुलासाठी वर्षाचा आराखडा करून देतो, महिन्यातून एकदा तरी विचारपूस करतो, दर तिमाहीला काम तपासतो. पुस्तके, साहित्य आणि शिकवण्या यांसाठी कुटुंबाला वर्षाला साधारण दोन-तीन हजार डॉलर, काही ठिकाणी त्याहून जास्त रक्कम मिळते. राज्यातल्या सरकारी पटावरच्या सुमारे सव्वा लाख मुलांपैकी वीस हजारांहून अधिक मुले अशी घरी शिकतात. यातला सर्वांत मोठा उपक्रम कोणत्या शहराचा नाही, तर युकॉन नदीकाठच्या गलीना या गावाचा आहे. गावाची वस्ती पाचशेच्या आत, आणि पटावर राज्यभरातली हजारो मुले.

ही सोय नव्या काळातल्या हौसेतून आलेली नाही. अलास्का अजून राज्यही झाले नव्हते तेव्हा, १९३९ मध्ये, तिथल्या प्रशासनाने टपालाने शिकवण्याची योजना सुरू केली. दीपगृहाचे रखवालदार, खाणीवरचे लोक, सापळे लावून कातडी विकणारे अशांची मुले शाळेपासून शेकडो किलोमीटर दूर असत. धड्यांची पुडकी बोटीने, कुत्र्यांच्या गाडीने, पुढे छोट्या विमानाने पोहोचत. सोडवलेले पेपर त्याच वाटेने परत जात. नदी गोठत असतानाच्या आणि फुटत असतानाच्या दिवसांत बोटही चालत नाही आणि बर्फावरून गाडीही जात नाही. तेवढे आठवडे टपाल अडकले की अभ्यासही अडकायचा.

मूळनिवासी मुलांची कहाणी वेगळी होती. गावात प्राथमिक शाळा असली तरी माध्यमिक शिक्षणासाठी त्यांना सिट्काजवळच्या माउंट एजकम किंवा थेट ऑरेगन राज्यातल्या निवासी शाळेत धाडले जाई. ज्या वयात शिकार, मासेमारी, बर्फावरची वाटचाल शिकायची, त्याच वयात मुले घरापासून तुटत. १९७२ मध्ये मॉली हूच या मुलीच्या नावाने ओळखला जाणारा दावा दाखल झाला, आणि १९७६ च्या तडजोडीत राज्याने १२६ गावांत माध्यमिक शिक्षणाची सोय करण्याचे मान्य केले. पुढे १९९८ पासून दुसराच पेच आला. पट दहाच्या खाली गेला की शाळेचा स्वतंत्र निधी बंद होतो. दोन कुटुंबे गाव सोडून गेली तरी एखादी शाळा बंद पडू शकते. मग उरलेल्या मुलांना घरी शिकण्यावाचून पर्याय राहत नाही. म्हणजे उत्तरेत घरशाळा सगळेच आवडीने घेतात असे नाही.

पण ती एकदा घेतली की दिवसाची आखणी घड्याळापेक्षा हवेवर आणि जनावरांवर ठरते. फेअरबँक्समध्ये डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस पावणेचार तासांचाही नसतो. जूनमध्ये सूर्य बावीस तासांच्या आसपास वर असतो. त्याहून उत्तरेला, समुद्रकाठच्या उत्कियाग्विकमध्ये नोव्हेंबरच्या मध्यानंतर मावळलेला सूर्य जानेवारीच्या उत्तरार्धात उगवतो. हिवाळ्यात उणे ४० अंश सेल्सिअसची थंडी फेअरबँक्सला अपूर्वाईची नाही. शहराबाहेरच्या अनेक लाकडी घरांना नळाचे पाणी नसते. ते टाक्यांत भरून गाडीतून आणावे लागते. अशा घरात वीस कुत्रे, डझनभर कोंबड्या आणि दोन शेळ्या असतील, तर उजेडाचे ते चार तास बाहेरच्या कामात जातात. वाचन आणि गणित अंधारात होते, आणि अंधाराला तिथे तोटा नाही. उन्हाळ्यात उलट स्थिती: मे ते सप्टेंबर लावणी, मासेमारी, लाकूडफाटा आणि शिकार यांची घाई असते, म्हणून बरीच कुटुंबे पुस्तकी अभ्यास हिवाळ्यातच उरकतात.

जनावरांपैकी पहिला मान कुत्र्याचा. गाडी ओढणारे अलास्कन हस्की दिसायला फारसे रुबाबदार नसतात. अंगाने सडपातळ, वजन साधारण वीस-पंचवीस किलो. बर्फगाडी ओढणारा कुत्रा शर्यतीच्या दिवसांत दहा हजारांच्या आसपास कॅलरी खातो. उन्हाळ्यात त्याला त्याच्या पाव भागातही भागते. हा फरक सांभाळणे म्हणजे रोजचा त्रैराशिकाचा धडाच. थंडीत कुत्रे साधे पाणी पीत नाहीत, आणि पाणी पोटात गेले नाही तर खाल्लेले अंगी लागत नाही. म्हणून कोमट पाण्यात मांसाचे तुकडे किंवा चरबी घालून पातळ रस्सा करतात. तुकड्यांच्या आशेने कुत्रा सगळे भांडे चाटूनपुसून रिकामे करतो. हे काम बहुधा दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे असते. भांडी लगेच उचलली नाहीत तर तळाशी बर्फाची चकती बसते, आणि संध्याकाळी ती हातोडीने फोडावी लागते. प्रत्येक कुत्र्याच्या पेटीत कोरडे गवत आहे ना, पंजाच्या बोटांमध्ये भेगा नाहीत ना, कोण कमी खातो आहे, हे पाहत जायचे. आजारी कुत्रा ओळखायला मुलाला प्रत्येक कुत्र्याची रोजची वागणूक ठाऊक असावी लागते.

गाडीला जुंपणे हा त्यापुढचा टप्पा. सर्वांत पुढे हुकूम समजणारे म्होरके, त्यांच्या मागे वळण घेणारी जोडी, मध्ये ओढणारे, आणि गाडीलगत सर्वांत दणकट दोघे. लगाम नसतो, डावे-उजवे सगळे तोंडी. लहानग्यांच्या शर्यतीत एकाच कुत्र्याच्या गाडीचा गट असतो, आणि चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी १९७८ पासून ज्युनिअर इडिटारॉड ही सुमारे अडीचशे किलोमीटरची शर्यत होते. तिथे वाटेत एक रात्र मुक्काम असतो. मोठी इडिटारॉड १९७३ पासूनची. अलास्काने कुत्र्यांची गाडी हाच आपला राज्यखेळ ठरवला आहे, आणि त्याला आधार आहे तो १९२५ च्या हिवाळ्याचा: नोम गावात घटसर्पाची साथ आली तेव्हा वीस गाडीवानांनी आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी औषध एकमेकांच्या हाती देत साडेपाच दिवसांत हजारभर किलोमीटर पार नेली. घरशाळेत इतिहासाचा हा धडा शिकवावा लागत नाही. तो अंगणात बांधलेला असतो.

कोंबड्यांचे शास्त्र वेगळे. त्यांना थंडीपेक्षा दमट हवेचा त्रास जास्त. खुराडे घट्ट बंद केले की श्वासाची आणि विष्ठेची वाफ आत कोंडते, ती तुऱ्यावर बसते आणि तुरा गोठून काळा पडतो. म्हणून उत्तरेतले शहाणे लोक खुराड्याला वरून हवा खेळती ठेवतात आणि बुटक्या तुऱ्याच्या जाती पाळतात. शांतेक्लेर ही जात तर कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात एका ख्रिस्ती मठवाशाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुद्दाम थंडीसाठी तयार केली. तिचा तुरा जवळजवळ नाहीच. कोंबडीला अंडी घालायला चौदा-सोळा तास उजेड लागतो. डिसेंबरात तो निसर्ग देत नाही, म्हणून दिवा घड्याळी बटणावर लावतात. बटण बंद ठेवून बघणे, अंडी मोजणे आणि आलेख काढणे हा प्रयोग कुठल्याही विज्ञानाच्या पुस्तकाइतका चांगला, फक्त न्याहारीला फटका बसतो.

याच खुराड्यापाशी अलास्कातल्या मुलाला दोन उलटे नियम एकदम शिकावे लागतात. अंगणातल्या जनावराला वेळेवर खायला घातलेच पाहिजे; कुंपणापलीकडच्याला कधीही घालायचे नाही. दुसरा नियम नुसत्या शिस्तीचा नाही, कायद्याचा आहे. मूस, अस्वल, लांडगा, कोल्हा यांना मुद्दाम खाऊ घालणे, किंवा खायचे पदार्थ ते येतील असे उघड्यावर टाकणे, हा अलास्कात गुन्हा आहे. राज्यात सुमारे तीस हजार तपकिरी अस्वले आणि लाखाच्या आसपास काळी अस्वले आहेत. कोंबड्यांचे दाणे, कुत्र्यांचे सुके मासे, शेळीच्या विण्याचा वास, यांतले काहीही त्यांना ओढून आणते. एकदा खुराड्याची चटक लागलेले अस्वल पुन्हापुन्हा येते आणि शेवटी मारावे लागते. अँकरेजच्या आसपास परसातल्या कोंबड्या वाढल्या तशी ही प्रकरणेही वाढली. इलाज साधा आहे: विजेचा झटका देणारे कुंपण, नीट जमिनीत अर्थिंग केलेले. ते उभारताना विद्युत-मंडल म्हणजे काय, बर्फाळ जमिनीतून प्रवाह का नीट परतत नाही, हे मुलाला हातानेच कळते. जीव वाचवण्यासाठी किंवा मालमत्तेच्या बचावासाठी अस्वल मारावे लागलेच, तर त्याचे कातडे आणि कवटी राज्याच्या वन्यजीव खात्याकडे जमा करावी लागते. कोंबड्या गेल्या, अस्वल गेले, आणि कागदपत्रांचे काम वर.

मूस हा प्रकार अस्वलापेक्षा जास्त भेटतो. हरणांच्या कुळातले हे सर्वांत मोठे जनावर. अलास्कातला पूर्ण वाढलेला नर सहा-सातशे किलोपर्यंत भरतो. राज्यात त्यांची संख्या पावणेदोन ते दोन लाखांच्या दरम्यान धरतात. दरवर्षी अस्वलांपेक्षा मूसमुळे जखमी होणारी माणसे जास्त असतात. मे-जूनमध्ये वासरासह असलेली मादी आणि हिवाळ्याच्या शेवटी उपाशी, थकलेला कोणताही मूस धोक्याचा. कान मागे पाडले, मानेवरचे केस उभे राहिले की समजायचे. इथे मुलांना शिकवला जाणारा भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे: अस्वल दिसले तर पळायचे नाही, मूस अंगावर आला तर पळायचे आणि झाडाआड जायचे. अस्वलाला पळणारा जीव सावज वाटतो. मूसला फक्त समोरचा हटायला हवा असतो. वेळ आलीच तर आठ वर्षांच्या मुलाने हे दोन्ही न गोंधळता करावे अशी अपेक्षा असते, म्हणून ते पाढ्यांसारखे घोकून घेतात.

कुत्र्यांची वाट आणि मूसची वाट एकच होते, हा यातला सर्वांत अवघड भाग. खोल बर्फात चालणे मूसला जड जाते, म्हणून तो गाड्यांनी दाबलेल्या वाटेवर येतो, आणि एकदा आला की ती सोडायला तयार नसतो. १९८५ च्या इडिटारॉडमध्ये सुझन बुचर ही गाडीवान पुढे असताना अशाच एका मूसने तिच्या कुत्र्यांना तुडवले. दोन कुत्रे मेले, बरेच जखमी झाले आणि तिला शर्यत सोडावी लागली. त्या वर्षी लिबी रिडल्स ही इडिटारॉड जिंकणारी पहिली स्त्री ठरली; बुचर पुढच्याच वर्षीपासून लागोपाठ तीनदा आणि नंतर १९९० मध्ये जिंकली. कुत्रे पाळणाऱ्या घरातल्या मुलांना ही गोष्ट माहीत असते.

वसंतात एकटे दिसणारे मूसचे वासरू हा मोह आणखी वेगळा. बहुतेक वेळा आई जवळपास चरत असते आणि माणूस दिसल्यामुळे पुढे येत नाही. उचलून आणलेले वासरू घरी ठेवणे बेकायदा आहे. रानटी जनावर पाळता येत नाही, मग ते कितीही गोजिरवाणे असो. पश्चिम आणि उत्तर किनाऱ्यावर कोल्ह्यांमध्ये रेबीज कायम असतो, त्यामुळे कोल्ह्याच्या पिल्लाबाबत तर प्रश्नच उरत नाही. जनावरांत वाढणारे मूल म्हणजे हरणाच्या पाडसाला बाटलीने दूध पाजणारे मूल, हे चित्र कॅलेंडरावरचे आहे.

मग येते शिकार, आणि ती वगळून उत्तरेतल्या घरशाळेविषयी लिहिणे म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणे. मोठ्या मूसपासून सव्वादोनशे किलोंच्या आसपास मांस मिळते. एका कुटुंबाचा हिवाळा त्यावर निघतो. पण अनेक भागांत कोणताही नर चालत नाही. शिंगांचा पसारा निदान ५० इंच, म्हणजे १२७ सेंटिमीटर, हवा. किंवा कपाळाजवळच्या फांद्यांची संख्या ठरावीक हवी. किंवा मग अगदी कोवळ्या नराचे एकाच टोकाचे अथवा दुफाट्याचे शिंग हवे. मधल्या वयाचे नर वाचावेत यासाठी हा नियम. दुर्बिणीतून, दीडशे मीटरवरून, हलणाऱ्या डोक्यावरचे अंतर ताडायचे असते. मूसच्या दोन डोळ्यांतले अंतर किंवा कानांचा पसारा माप म्हणून धरून प्रमाण काढतात. चूक झाली तर ते बेकायदा जनावर. दहा वर्षांखालच्या मुलाला मोठ्या जनावराचा स्वतःचा वाटा मिळत नाही. त्याने मारलेले जनावर मोठ्यांच्या वाट्यातच धरले जाते. खाण्याजोगे मांस रानात टाकून देणे हा गंभीर गुन्हा आहे, त्यामुळे सोलणे, तुकडे करणे आणि वाहून आणणे यांत घरातले सगळे लागतात. हृदयाचे कप्पे, रवंथ करणाऱ्या पोटाचे चार भाग, सांध्यांची रचना हे सगळे मुले तिथे हातात घेऊन पाहतात. रस्त्यावर गाडीखाली मेलेला मूसही वाया जात नाही. तो राज्याच्या मालकीचा मानून यादीतल्या संस्थांना किंवा कुटुंबांना दिला जातो.

न मारता, न पाळता, नुसते बघण्याचाही मोठा अभ्यास आहे. खिडकीशी येणारा काळ्या टोपीचा चिकडी पक्षी जेमतेम अकरा-बारा ग्रॅमचा. तो हिवाळ्याच्या रात्री शरीराचे तापमान दहा-बारा अंशांनी खाली आणतो आणि शरदात लपवलेल्या बिया आठवून काढतो. अलास्कातला रानबेडूक पालापाचोळ्याखाली अक्षरशः गोठतो. फेअरबँक्सच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये दाखवले की तो उणे १८ अंशांपर्यंत आणि सात महिन्यांपर्यंत गोठून पुन्हा उड्या मारू लागतो. त्याच विद्यापीठात २०११ मध्ये काळ्या अस्वलांच्या शीतनिद्रेवर झालेले काम सांगते की शरीर पाच-सहा अंशच थंड होते, पण चयापचय चौथ्या हिश्शावर उतरते. फेअरबँक्समधल्या क्रीमर्स फील्ड या जुन्या दूधडेअरीच्या कुरणांवर आता पक्षी अभयारण्य आहे. ऑगस्टमध्ये तिथे क्रौंच उतरतात आणि घरशाळेतली मुले वह्या घेऊन जातात. नेनाना गावी टनाना नदीवर उभी केलेली लाकडी तिपाई बर्फ फुटून कधी हलेल यावर १९१७ पासून पैजा लागतात. पैजेच्या निमित्ताने शतकभराच्या तारखा जमल्या, आणि हवामानाच्या अभ्यासकांना ती नोंदवही सोन्यासारखी झाली.

पाळीव जनावरांचे काम एकट्या घरात राहत नाही. फोर-एच या अमेरिकाभर पसरलेल्या युवक-संघटनेची अलास्का शाखा विद्यापीठाच्या कृषी-विस्तार विभागातर्फे चालते. मुले ससा, शेळी, डुक्कर वाढवतात, खर्चाची वही ठेवतात, जत्रेत परीक्षकांपुढे उभी राहतात आणि बऱ्याचदा तेच जनावर लिलावात विकतात. नाव ठेवलेले डुक्कर विकण्याचा तो दिवस बहुतेकांना जड जातो. पामरची राज्यजत्रा यासाठी प्रसिद्ध. हे पामर म्हणजे १९३५ मध्ये महामंदीच्या काळात सरकारने मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगनमधून आणलेल्या २०३ शेतकरी कुटुंबांची वसाहत. तिथेच कस्तुरी-बैलांचा गोठा आहे. हा प्राणी अलास्कातून एकोणिसाव्या शतकात नाहीसा झाला. १९३० मध्ये ग्रीनलँडहून ३४ जनावरे आणून तो पुन्हा वसवला गेला. त्याची आतली लव वसंतात विंचरून काढतात; एका जनावराची दोन-तीन किलो निघते. पशुवैद्य मात्र दुर्मीळ. रस्ता नसलेल्या गावांत लस टोचणे, टाके घालणे, अडलेली शेळी सोडवणे हे घरच्यांनीच करायचे.

अशा घरातून वाढलेल्यांपैकी सेथ कांटनर हे नाव महत्त्वाचे. १९६५ मध्ये कोबक नदीकाठी, मातीच्या ढेकळांनी आच्छादलेल्या झोपडीत त्याचा जन्म झाला आणि टपालाच्या धड्यांवर तो शिकला. त्याची ‘ऑर्डिनरी वुल्व्ज’ ही कादंबरी २००४ मध्ये आली. पुढच्या पुस्तकांत त्याने कॅरिबू या उत्तरेतल्या हरणांबरोबरच्या आयुष्याविषयी विस्ताराने लिहिले. त्याच्या लेखनाचे मोल असे की त्यात रानातले बालपण गोड करून सांगितलेले नाही. गोऱ्या कुटुंबातला मुलगा इनुपिआक या मूळनिवासींच्या गावात परका ठरतो, हेही त्यात आहे.

आक्षेपही खरे आहेत. जवळचा सवंगडी तीस किलोमीटरवर असलेल्या मुलाला भांडायला आणि समेट करायला भावंडांवाचून कोणी नसते. पूर्ण स्वतंत्र घरशाळेची नोंदच नसल्यामुळे अशी मुले राज्यात किती आहेत हे सरकारला सांगता येत नाही. एखाद्या घरात मुलाची आबाळ होत असेल, तर ती पाहणारे बाहेरचे डोळे नसतात. पटावर असलेल्या मुलांपैकीही बरीच राज्याच्या परीक्षा टाळतात, म्हणून शिकवणे कितपत उतरले याचे माप मिळत नाही. पैशाचा वाद तर न्यायालयात गेला. २०१४ च्या कायद्याने दिलेली रक्कम काही कुटुंबे खासगी आणि धार्मिक शाळांच्या वर्गांवर खर्च करत होती. सार्वजनिक पैसा अशा संस्थांच्या थेट लाभासाठी वापरू नये असे राज्यघटना सांगते. एप्रिल २०२४ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने त्या तरतुदी रद्द केल्या. जूनमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि खासगी शाळांवरच्या खर्चाचा नेमका प्रश्न पुन्हा खालच्या न्यायालयाकडे पाठवला.

दरम्यान जनावरांची गणिते बदलत आहेत. पश्चिम आर्क्टिकचा कॅरिबूंचा कळप २००३ मध्ये चार लाख नव्वद हजारांवर होता. २०२३ मध्ये तो दीड लाखाच्या आसपास उरला. युकॉन नदीत चम साल्मन, ज्याला कुत्र्यांचाच मासा म्हणतात, २०२० नंतर इतका घटला की मासेमारी बंद करावी लागली. उन्हाळ्यात पकडून, चिरून, मांडवावर सुकवलेला हा मासा कुत्र्यांचा हिवाळ्याचा शिधा असे, आणि तो सुकवण्याचे काम मुलांचे. आता पोत्यांतले खाद्य बोटीने किंवा विमानाने आणावे लागते आणि वजनावर भाडे पडते, त्यामुळे नदीकाठच्या कित्येक घरांनी कुत्रे कमी केले आहेत.